हेइन्सा : कांदा-लसणाविना एक रात्र, आणि त्याआधीची एक तापलेली

आधी निकाल सांगून टाकतो. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला पहाटे चारला उठायचं वावडं नाही आणि ज्याला जेवताना मोबाइल लागत नाही, त्याने कोरियात गेल्यावर हेइन्सा या डोंगरातल्या बौद्ध देवळात जरूर जावं. बाकीच्यांनी सोलमध्येच फिरावं, तिथे सगळं आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गुडघ्यांपायी कापला, त्यात देवळाचा दोष नाही.

मी भुसावळचा. रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड होतो, त्यातली बहुतेक मालगाडीवर. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण मी त्याआधीच उतरलो, त्यामुळे गार्डचा गार्डच राहिलो. मुलगी-जावई सोलजवळ सुवनला असतात. गेल्या वर्षी दिवाळी आटोपून आम्ही दोघं पंधरा दिवस त्यांच्याकडे गेलो. सोलचे राजवाडे, मनोरा, बाजार चार दिवसांत उरकले. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमची मंडळी बाजारातच एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "गर्दीच पाहायची होती तर आपला आठवडे बाजार काय वाईट होता?" तिचं माहेर अमळनेर. तिकडची माणसं पाय दुखायला लागले की खरं बोलतात.

मग मला आमच्या शेजाऱ्याची आठवण झाली. माझ्याबरोबर नोकरीला होता, रेल्वे क्वार्टरपासूनचा शेजार, दर पौर्णिमेला बुद्धविहारात जाणारा. निघताना म्हणाला होता, "भाऊ, आपण बुद्धं, धम्मं, संघं म्हणतो ना, कोरियात त्या तिन्ही रत्नांची एकेक देवळं आहेत. बुद्धाचं तोंग्दोसा, धम्माचं हेइन्सा, संघाचं सोंगग्वांगसा. जमलं तर धम्माच्या देवळात जाऊन ये आणि माझ्यासाठी एखादा कागद आण." मला वाटलं होतं हा उगाच सांगतोय. मुलीने पाहिलं तर खरंच होतं. तिला सुट्टी नव्हती, जावयाला तर नव्हतीच. तेव्हा लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर आम्ही दोघंच, सोबत ना पोरं ना नणंद ना शेजारची काकू, अशा प्रवासाला निघालो. रेल्वेच्या पासवर आजवर जितके प्रवास केले, ते सगळे वऱ्हाडासारखे केले.

सोल ते दोंगदेगू, म्हणजे देगू शहराचं स्टेशन, केटीएक्स या वेगवान गाडीने गेलो. तिकीट माणशी ४३,५०० वॉन, आपले अडीच-पावणेतीन हजार रुपये. अंतर धरा भुसावळहून इगतपुरीएवढं, आणि वेळ दोन तासांच्या आत. डब्यात पडद्यावर वेग दाखवतात. आकडा ३०० ला टेकला तेव्हा मी मंडळीला कोपराने ढोसलं, तर ती झोपलेली. माझ्या मालगाड्यांचा वेग इथे लिहीत नाही. पण मला वेगापेक्षा दुसरंच लागलं. डब्यातून बाहेर पडताना तिथला कर्मचारी दारात वळतो आणि सगळ्या डब्याकडे बघून कमरेत वाकून नमस्कार करतो. अर्धा डबा झोपलेला असला तरी करतो. दसऱ्याचा हार सोडला तर मी माझ्या ब्रेकव्हॅनला चौतीस वर्षांत कधी हात जोडले असतील, मला आठवत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आम्ही इथेच फसलो. दोंगदेगू स्टेशनाला लागूनच मोठं चकचकीत बसस्थानक आहे. माणूस साहजिकच तिथे जातो. हेइन्साची बस तिथून सुटत नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, सबू म्हणजे पश्चिम बसस्थानकातून सुटते. आम्ही तासभर त्या चकचकीत स्थानकात मजले चढलो-उतरलो. शेवटी एका शाळकरी पोरीने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं आणि स्वतः मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडायला आली. मेट्रोची एक नंबरची लाइन थेट जाते, बदलावं लागत नाही. पुढे बसने दीडेक तास. बस साधी, पण ज्या मिनिटाला सुटायची त्याच मिनिटाला सुटली. मी घड्याळ लावून पाहत होतो. सवय जात नाही.

शेवटचा टप्पा ओढ्याच्या काठाने आहे. त्या दरीचं नाव होंगन्यूदोंग, अर्थ 'लाल वाहणारा ओढा'. दोन्ही काठांना मेपलची झाडं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पेटल्यासारखी लाल होती. पाणीही लाल दिसत होतं. आमच्याकडे चैत्रात पळस फुलतो तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला असं दिसतं, फरक इतकाच की पळसाखाली पाणी नसतं. डोंगराचं नाव गायासान. एका शिखराला 'बैलाचं डोकं' अशा अर्थाचं नाव आहे, उंची १४३० मीटर, आपल्या सातपुड्यातल्या अस्तंब्याहून थोडी जास्त. मंडळीला गाया हे नाव फार आवडलं. आख्ख्या कोरियात तिला न अडखळता म्हणता आलेलं ते एकच नाव.

पहिली रात्र देवळाच्या पायथ्याच्या गावात काढली. गाव कसलं, चार रस्त्यांची वस्ती आहे. रानभाज्या, वाळवलेली अळंबी आणि काठ्या-माळा विकणारी दुकानं, दहा-पंधरा खानावळी, तेवढीच राहायची घरं. संध्याकाळी सहाला दुकानं बंद, सातला रस्ता रिकामा. कुत्रंही भुंकत नाही. आम्ही ज्या घरात उतरलो त्याचं नाव कोरियन अक्षरांत होतं. ते मला लावता आलं नाही, आणि पुढे तक्रार आहे म्हणून शोधूनही काढलं नाही.

तक्रार अशी. कोरियात जमीन तापवतात. पूर्वी चुलीचा धूर फरशीखालून खेळवत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. पद्धत नामी आहे, यात वादच नाही. बाहेर चारेक अंश थंडी आणि पाय टेकावेत तिथे ऊब. पण घरमालकिणीने आम्ही भारतातले म्हणून विचार केला, की या गरम देशातल्या माणसांना थंडी बाधेल, आणि चक्री पार टोकापर्यंत फिरवून ठेवली. खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही. पातळ गादी जमिनीवरच. रात्री दहाला मंडळी उठून बसली. "माय वं, हाई तं तवा शे!" मी चक्री शोधली, तिच्यावर सगळं कोरियन. एक बटण दाबलं तर आणखी तापायला लागलं. शेवटी खिडकी सताड उघडून, गाद्या दुहेरी करून, त्यावर दोघांच्या शाली टाकून झोपलो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर जातो तेव्हा आम्ही तापलेल्या गच्चीवर पाणी मारून झोपतो. नोव्हेंबरात, चार अंशात, परदेशी जाऊन तेच केलं. सकाळी मालकीणबाईने हाताने खूण करून विचारलं, झोप लागली ना? मंडळीने अंगठा वर केला. पाहुणचारात खोटं बोलायला भाषा लागत नाही.

दुसरी तक्रार खानावळीची. आमची मंडळी माळकरी आहे. मुलीने कागदावर कोरियनमध्ये 'मांस नको' लिहून दिलं होतं. खानावळवालीने वाचलं, मान डोलावली आणि भाताच्या वाडग्यावर सात-आठ रानभाज्या मांडून आणल्या, सोबत सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाचं सार. भाज्या अप्रतिम. एकेक वेगळी वाफवलेली, तिळाच्या तेलाचा नुसता वास. मंडळीने दोन चमचे सार घेतलं आणि तळाशी इवलासा मासा निघाला, डोळ्यासकट. तिथे साराचं पाणीच वाळक्या मासळीचं करतात, आणि ते त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही. किमचीतही मासळीचा नाहीतर कोळंबीचा खार असतो. खानावळवालीने फसवलं असं मी म्हणणार नाही. आपण 'मांस नको' म्हटलं, तिने मांस घातलं नाही. पण शाकाहारी माणसाने कागदावर 'मासळीचं पाणीही नको' हे वेगळं लिहून न्यावं. मंडळीने चमचा खाली ठेवला, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि उरलेलं जेवण बॅगेतल्या बिबड्यांवर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ. बस थांब्यापासून चढ आहे, आमच्या चालीने अर्धा तास. हे देऊळ इसवी सन ८०२ मधलं. हेइन म्हणजे सागरमुद्रा, सा म्हणजे देऊळ. इमारती अनेकदा जळाल्या आणि पुन्हा बांधल्या. १८१७ च्या आगीनंतरचं मुख्य देऊळ आज उभं आहे. खांबांवर हिरवा-तांबडा रंग, आत मोठ्या मूर्ती. सुंदर आहे, पण अशी देवळं सोललाही दिसतात. माणूस इथे येतो ते मुख्य देवळाच्या मागे, सगळ्यात उंच ठिकाणी असलेल्या कोठारासाठी.

कोठार म्हणतो, कारण ते तसंच दिसतं. रंग नाही, नक्षी नाही, मूर्ती नाही. अंगणाच्या दोन बाजूंना लांबलचक लाकडी इमारती, भिंतीला लाकडी गजांच्या खिडक्या. आत त्रिपिटक, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचा सगळा संग्रह आहे, लाकडी फळ्यांवर कोरलेला. फळ्या ८१,२५८. मंगोलांनी पहिला संच १२३२ मध्ये जाळला, तेव्हा कोर्यो राज्याने तो पुन्हा कोरायला घेतला आणि १२३७ ते १२४८ या काळात पुरा केला. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता. एकेक फळी पाऊण मीटरच्या आतबाहेर लांब, दोन्ही बाजूंनी अक्षरं, एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ अक्षरं, तीही सगळी उलटी, कागदावर सुलटी उमटावीत म्हणून. मी वाघिणी मोजून पोट भरलेला माणूस. एक फळी सव्वातीन किलो धरली तर सगळ्या मिळून २६० टनांच्या वर जातात. मालगाडीच्या चार वाघिणी भरून पाचवीत माल येईल. ही गाडी १३९८ मध्ये इथे पोचली आणि तेव्हापासून यार्डातच उभी आहे.

आम्हाला आत जाता आलं नाही. आम्ही गजांमधून पाहिलं. फळ्या पुस्तकांसारख्या उभ्या, कडेला कडा लावून, मांडण्यांवर छतापर्यंत. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना जाड पट्टी, त्यामुळे दोन फळ्यांची अक्षरं एकमेकांना घासत नाहीत आणि मधून वारा खेळतो. सगळं कसब त्या वाऱ्यात आहे. नीट पाहिलं तर पुढच्या भिंतीला खालची खिडकी मोठी आणि वरची लहान. मागच्या भिंतीला उलट, वरची मोठी आणि खालची लहान. वारा खालून शिरतो, आत फिरतो, मागून वर निघून जातो. जमिनीत कोळसा, मीठ, चुना आणि माती यांचे थर आहेत. पावसाळ्यात ओल पिते, कोरड्यात परत सोडते. १९७० च्या सुमारास सरकारने आधुनिक साधनांची नवी इमारत बांधली आणि नमुन्याच्या काही फळ्या तिथे ठेवून पाहिल्या. त्यांना बुरशी लागली. फळ्या पुन्हा इथेच. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला तो या कोठाराला.

मी ही माहिती पाटीवरून मोठ्याने वाचत होतो. मंडळी ऐकत नव्हती. ती भिंतीच्या कडेने चालत पुढून मागे गेली, मागून पुढे आली, खालच्या खिडकीपाशी हात धरून वारा पाहिला. मग म्हणाली, "आमना धाबाना घरमा बी असंच व्हतं." अमळनेरला तिच्या बापाचं घर मातीच्या धाब्याचं होतं. ज्वारीच्या कणग्या ज्या खोलीत होत्या तिथे जमिनीलगत एक खिडकी आणि समोरच्या भिंतीला धाब्याखाली झरोका. कणगीत कडुनिंबाचा पाला, तळाला राख. तिची आजी म्हणायची, दाण्याला माणसासारखा वारा लागतो. ते घर पाडून पंचवीस वर्षांपूर्वी स्लॅबचं केलं. तिथे आता ज्वारीला पोरकिडे होतात म्हणून गोळ्या टाकाव्या लागतात. मी पाटी वाचायचं थांबवलं.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली आणि ती तिनेही थांबून ऐकली. १९५१ मध्ये कोरियन युद्धात या डोंगरात बंडखोर लपले होते. देवळाच्या परिसरावर बाँब टाकायचा हुकूम निघाला. विमानांच्या तुकडीचा प्रमुख किम योंग-ह्वान. त्याने हुकूम मोडला आणि विमानं परत वळवली. त्याचं स्मारक तिथे आहे. हुकूम मोडणं काय असतं हे नोकरी केलेल्या माणसाला कळतं. मी साधा लाल सिग्नल कधी मोडला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण या माणसापुढे टोपी काढून उभा राहिलो.

दुपारी देवळातल्या मुक्कामासाठी नाव नोंदवलं. याला तिथे टेम्पलस्टे म्हणतात, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सुरू झालेली सोय. मुलीने इंटरनेटवर आधीच जागा धरली होती, अर्ज इंग्रजीत भरता येतो. आल्या आल्या सगळ्यांना एकसारखा पोशाख दिला, ढगळ विजार आणि वरून बंडी. मंडळीने नऊवारीपासून पंजाबी ड्रेसपर्यंत सगळं घातलंय, पण विजार-बंडी पहिल्यांदा. फोटो आहे, दाखवायची परवानगी नाही.

आणि मग कळलं की बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. अडतीस वर्षांनी दोघंच निघालो आणि देवळाने पहिल्याच संध्याकाळी वेगळं केलं! जोडप्यांनी हे आधी विचारून घ्यावं. मला वाईट वाटलं असं सांगायला पाहिजे, पण आदल्या रात्रीच्या तव्यानंतर दोघांनाही झोप हवी होती.

जेवणाबद्दल सविस्तर सांगतो, कारण मला वाचणाऱ्यांत निम्मे तरी खानदेशी असणार आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच. इथे मांस-मासळी नाहीच, सारही भाज्यांचं. शिवाय पाच उग्र गोष्टी वर्ज्य: लसूण, कांद्याची पात आणि तिच्या जातकुळीतल्या आणखी दोन भाज्या, आणि पाचवी चक्क हिंग. हे ऐकून मंडळी माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या बॅगेत हिंगाची डबी होती. आणि लसणाची चटणी होती, पाव किलो, सुकं खोबरं-तिखट घालून खलबत्त्यात कुटलेली. तिने खोलीत जाऊन त्या डब्याला आणखी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, त्यावर टॉवेल गुंडाळला आणि बॅग खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, देवळाकडे पाठ करून ठेवली. चातुर्मासात हीच बाई कांदेनवमी झाली की कांदा, लसूण आणि वांग्याला हात लावत नाही, त्यामुळे तिला नियम नवा नव्हता. नवं इतकंच, की यांचा चातुर्मास बारा महिन्यांचा.

पण चव! भरताला पातीचा कांदा नसेल तर ताट सरकवणारा मी माणूस. तिथे भात, मुळ्याची भाजी, टोफू, अळंबी, लसूण नसलेली किमची, भोपळ्याचं काहीतरी गोडसर असं जेवलो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मुळा मुळ्यासारखा लागत होता. आम्ही मुळ्याला इतका मसाला घालतो की तो मुळा होता हे पोटात गेल्यावर कळतं. जेवताना कोणी बोलत नाही. घ्याल तेवढं संपवायचं, वाडगा स्वतः धुवायचा. भिक्खूंची जी विधिवत जेवणाची पद्धत आहे तिच्यात शेवटी वाडग्यात पाणी घालून, किमचीच्या किंवा मुळ्याच्या फोडीने वाडगा पुसून ते पाणी पिऊन टाकतात. एका कोरियन बाईने नाक मुरडलं. माझी आजी रोज ताटात पाणी फिरवून प्यायची. आम्ही पोरं हसायचो तिला.

स्वयंपाकघराच्या बाजूला उघड्यावर मातीचे पोटभर मोठे रांजण ओळीने ठेवलेले, आत सोयाबीनचं वाटण मुरतं. मंडळीने झाकणावर हात फिरवला, पण उघडलं नाही. दुसऱ्याच्या लोणच्याच्या बरणीला विचारल्याशिवाय हात लावू नये हे तिला शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी मोठा नगारा, लाकडी मासा, ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा आणि घंटा, या क्रमाने वाजवतात. नगारा वाजवणारा भिक्खू तरुण होता, चोवीस-पंचविशीचा. बाह्या वाऱ्यात उडत होत्या. शेवटचा ठोका घंटेचा, आणि तो संपायला किती वेळ लागतो हे मी घड्याळात पाहायचं ठरवलं होतं. विसरलो.

नऊला दिवे बंद. खोलीत आम्ही चार पुरुष, जमिनीवर चार गाद्या, कपड्यांच्या चार खुंट्या, बाकी काही नाही. इथली जमीन बेताचीच तापवलेली. झोप येईना, आणि डोक्यात अजिंठा आला. जळगावहून साठेक किलोमीटर. आम्ही पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो, भेळ खातो, परत येतो. बारा नंबरच्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्या आहेत, प्रत्येकीत दोन-दोन दगडी ओटे. लहानपणापासून त्या ओट्यांवर बसून फोटो काढले. इथे कोणी झोपत होतं, रात्री दिवा विझवत होतं, पहाटे कुडकुडत उठत होतं, हे पाटीवर वाचलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. इथे तीच खोली होती, फक्त माणसांसकट. शेजारचा एक जण घोरत होता. दोन हजार वर्षांपूर्वी अजिंठ्यातही कोणीतरी घोरत असणार, आणि दुसऱ्या ओट्यावरचा जागा असणार.

पहाटे चारच्या आधीच लाकडी ठोकळा टक टक वाजवत एक भिक्खू आवारातून फिरला. सगळे अंधारात मुख्य देवळात. थंडी अशी की श्वास दिसतो. चाळीस-पन्नास जणांचा पाठ सुरू झाला, एक सूर, एक श्वास. कोरियन मला शून्य कळतं. पण शेवटाकडे एक ओळ आली, तीनदा, आणि मी ताठ झालो. "आजे आजे पारा आजे पारासुंग आजे मोजी साबाहा." साबाहा! स्वाहा! होमात भटजी म्हणतात तो स्वाहा, कोरियाच्या डोंगरात, पहाटे चारला. घरी आल्यावर शेजाऱ्याला म्हणून दाखवलं तर त्याने लगेच सांगितलं, "हृदयसूत्र आहे ते. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा." शब्द इथून निघाला, चीनमधून गेला, त्यांच्या तोंडात बसला, वाटेत गतेचा आजे झाला. आमच्याकडे स्टेशनचा टेसन झाला तसाच.

मग १०८ नमस्कार. उभं राहायचं, गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला, पुन्हा उठायचं, आणि दर नमस्काराला एक मणी दोऱ्यात ओवायचा. शेवटी माळ तयार होते. मी चौपन्नाव्याला बसलो. बरोब्बर अर्ध्यावर, म्हणजे मध्येच गाडी उभी केली म्हणायला हरकत नाही. पलीकडे बायकांच्या ओळीत पाहिलं तर आमची मंडळी, साठी ओलांडलेली, संधिवाताच्या गोळ्या चालू असलेली, शहात्तर, सत्त्याहत्तर करत चालली होती. तिने पुरे केले. नंतर विचारलं, गुडघे? तर म्हणते, "वारीत चालते त्याहून कमीच आहे." तिची माळ आता तुळशीच्या माळेशेजारी टांगलेली असते. माझी अर्धी माळ मी कोणाला दाखवत नाही.

सकाळी एका भिक्खूबरोबर चहा होता. दुभाषी मुलगी होती. कुठून आलात विचारलं. मुंबई म्हणालो, कारण भुसावळ म्हणून काय कळणार. मग मंडळीने मला बाजूला सारून सांगितलं, "अजिंठा. अजिंठ्याजवळून." दुभाषी मुलीला भाषांतर करावं लागलं नाही. भिक्खूने कप खाली ठेवला आणि आम्हा दोघांना हात जोडले. म्हणजे खरं तर अजिंठ्याला जोडले. आम्ही मध्ये बसलेलो म्हणून आम्हाला मिळाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं: ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम, पण तेव्हाच गर्दीही असते, शनिवार-रविवार टाळा. स्वेटर नाही, जाड जाकीट न्या. मोजे नीट न्या, दिवसभर बूट काढ-घाल असते आणि फाटका मोजा सगळ्यांना दिसतो. कोठार जवळून पाहायचं असेल तर आधी चौकशी करून नोंदणी करा. फळीवरून छापलेल्या हृदयसूत्राचा कागद मिळतो, शेजाऱ्यासाठी एक घेतला. त्याने तो काचेत बसवून विहारात लावलाय. मुलं लहान असतील तर नेऊ नका, तिथे त्यांना करायला काही नाही आणि ओरडायला मनाई. मधुमेही माणसाने सोबत काहीतरी ठेवावं, कारण रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाच्या आत आणि मग थेट सकाळ.

परतीच्या गाडीला दोंगदेगूला चाळीस मिनिटं होती. स्टेशनवर साध्या भाताचे त्रिकोणी गोळे घेतले, आत काय आहे हे दोनदा विचारून. जागेवर बसलो, गाडी सुटली. मंडळीने बॅग मांडीवर घेतली, टॉवेल सोडला, एक पिशवी, दुसरी पिशवी, डबा. लसणाच्या चटणीचा वास तीनशेच्या वेगाने सगळ्या डब्यात पसरला. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. मंडळीने भाताच्या गोळ्यावर चटणीची मोठी चिमूट ठेवून तिच्यापुढे केली. बाईने खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायली, आणि पुन्हा हात पुढे केला. तेवढ्यात तो कर्मचारी दारात आला, वास घेतला असणार, पण काही न बोलता वळून कमरेत वाकला आणि गेला.